खोली रिकामी होती

मी, शीला हौशीराम साळवे, वय शहात्तर वर्षे, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, धर्माने ख्रिस्ती, राहणार ओतूर, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या बुद्धीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. ती थोडी कमी असती तर मला झोप लागली असती. हा कागद करण्यासाठी कोणी मला फूस लावलेली नाही की धाक दाखवलेला नाही. धाक मला आहे, पण तो कोणा माणसाचा नाही, म्हणून कायद्याने तो विचारात घेऊ नये.

हृदयाची एक झडप नीट मिटत नाही असे डॉक्टरांनी दिवाळीनंतर सांगितले. अंगण ओलांडताना आता दोनदा थांबावे लागते. सन २०१६ मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते, ते या मृत्युपत्राने रद्द समजावे. त्या कागदात माझे वर्णन 'धर्मादायी वृत्तीची स्त्री' असे आहे. ते शब्द वकिलांनी घातले होते आणि मी ते वाचून खाली सही केली होती. ते शब्द आधी रद्द समजावेत, बाकीचा कागद नंतर.

कलम १. माझे पती हौशीराम सन २००८ मध्ये प्रभूमध्ये झोपी गेले. ते मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांचे, पंच होते, आवाज गोड होता आणि घरात कधी चढला नाही. आम्हाला मूलबाळ नाही. जवळचा वारस म्हणजे पुतण्या दादाभाऊ. त्याचा विचार कलम ३ मध्ये केला आहे, आणि तो वाचताना त्याने आरडाओरडा करू नये.

कलम २. माझी मिळकत अशी: दोन खोल्यांचे राहते घर, पुढचे अंगण, आणि अंगणाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात वेगळी बांधलेली पत्र्याची एक खोली. ही खोली हौशीरामांनी आमच्या जागेत, आमच्या खर्चाने बांधली आणि मंडळीला वापरायला दिली. आमच्याकडे बायकांची एक रीत आहे. स्वयंपाकाला बसताना पिठाच्या किंवा तांदळाच्या डब्यातून पहिली मूठ बाजूला काढायची, ती गाडग्यात साठवायची आणि रविवारी ख्रिस्तमंदिरात आणून पेटीत ओतायची. त्याला आम्ही मुठीचे धान्य म्हणतो. ज्या घरात स्वतःला पुरत नाही त्या घरातूनही ही मूठ निघते. वर्षभर ते धान्य त्या खोलीत राहायचे, गरजूंना जायचे आणि उरलेले नाताळानंतर मंडळीतच विकले जायचे. एकतीस वर्षे त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला होती.

एकतीस वर्षांत मी कोणाला उपाशी पाठवले नाही, असे सगळे म्हणतात. खरे आहे. पण धान्य देताना मी विचारायची, कोणत्या घरचे, मंदिरात येता का, बाप्तिस्मा झाला आहे का. मंडळीतल्या माणसाला दोन मापे आणि बाहेरच्याला एक, असा माझा नियम होता. हा नियम मी मनाने केला नव्हता. मला तो शास्त्रात सापडला होता, आणि सापडल्याचा मला फार आनंद झाला होता.

कलम ३. राहते घर, त्याखालची जागा आणि घरापुढचे अर्धे अंगण पुतण्या दादाभाऊ यास द्यावी. तो मला आवडतो म्हणून देत नाही. त्याच्या बायकोने माझ्या आजारपणात तीन आठवडे डबा पोहोचवला आणि एकदाही बोलून दाखवले नाही, म्हणून देते. पूर्वेकडील खोलीचा रस्ता आणि नळ यांना त्याने हात लावायचा नाही. लोखंडी शिडीसुद्धा त्यालाच द्यावी. सन २०११ मध्ये तो ती चार दिवसांसाठी घेऊन गेला आणि दोन पायऱ्या मोडून आणून ठेवली. 'काकी, पहिल्यापासूनच तशी व्हती,' असे तोंड वर करून म्हणाला. त्याला चालते तशीच आहे, घेऊन जावी.

कलम ४. माझी धर्मशास्त्राची पुस्तके आणि टाचणे आमच्या तरुण पाळकसाहेबांना द्यावीत. त्यांनी ती वाचावीत, पण माझ्यासारखी वाचू नयेत. म्हणजे काय ते सांगते.

नोकरीत असताना मी टपालाने धर्मशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केला. न्यायाच्या दिवसाच्या उताऱ्यावर मी वर्षभर काम केले. राजा सिंहासनावर बसेल, मेंढपाळ मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो तशी माणसे वेगळी करील, एक गट उजवीकडे आणि एक डावीकडे. आणि विचारील: मी भुकेला होतो, तान्हेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो, तेव्हा तुम्ही काय केलेत? माझ्या या लहानात लहान भावांपैकी एकाला जे केलेत ते मलाच केलेत. सगळा प्रश्न असा की हे लहान भाऊ कोण. प्राचीन काळच्या काही टीकाकारांनी म्हटले आहे की भाऊ म्हणजे शिष्य, म्हणजे विश्वासाच्या घरातली माणसे. त्याच काळातले दुसरे उपदेशक म्हणाले की भिकाऱ्याची चौकशी करू नका, दारात आला तो भाऊ. त्यातला एक तर म्हणे की प्रत्येक घरात एक खोली, एक खाट आणि एक दिवा ख्रिस्तासाठी राखून ठेवा, तो परका होऊन येईल. हल्लीचे बहुतेक विद्वान म्हणतात की भाऊ म्हणजे दुःखात असलेला कोणीही माणूस. काही अजून जुन्याच अर्थाला धरून आहेत. आमचे पाळकसाहेब तर दानावरच नाराज आहेत. देणारा वरच्या पायरीवर कसा आला आणि घेणारा खालच्या पायरीवर का राहिला, हे आधी विचारा, असे ते म्हणतात. ऐकायला बरे वाटते. त्या काळी कोणी मला तेही सांगितले असते, तर मी त्यावरही चहा पीत छान चर्चा केली असती आणि दार बंदच ठेवले असते.

मी पहिला अर्थ उचलला. तो माझ्या किल्लीला बरोबर बसत होता.

कलम ५. हे कलम मी सहा वेळा लिहून फाडले आहे. आज फाडणार नाही.

सन २०१३, जानेवारी महिना. आमच्या शिवारात उसाची तोड चालू होती. ऊस पडला की त्यातला बिबट्या उघड्यावर येतो आणि शेजारच्या उभ्या उसात शिरतो, हे इकडच्या लहान मुलालाही माहीत असते. त्या आठवड्यात दोन कुत्री आणि एक वासरू गेले होते. आम्ही सगळेच जीव मुठीत धरून होतो. पाच वाजले की मी कडी लावायची आणि रेडिओ मोठ्याने लावायची.

दरवर्षीसारखे धनगर आले होते. शेजारच्या रानात त्यांनी मेंढ्या बसवल्या होत्या, खतासाठी शेतकरी त्यांना बोलावतात. त्यांचे पाल उभ्या उसाला लागून होते. त्यातली हिरा, वय तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर, पाच वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन साडेचारच्या सुमारास माझ्या दारात आली. मी टेबलाशी बसले होते. रविवारी महिला सभेत मला बोलायचे होते आणि विषय होता तोच उतारा. माझ्या हातात पेन होते. मी सहा गोष्टी ओळीने लिहिल्या होत्या: भुकेला, तान्हेला, परका.

हिरा म्हणाली, "बाई, बापय मानसं मेंढरांमागं लांब गेल्याती, अंधार पडल्याबिगर येत न्हाईत. सासू आन् मी दोघीच हाय. सकाळी बांधावर बिबट्याचं पाय उमटल्यालं दिसलं. ती येतील तवर पोरीला घिऊन तुमच्या त्या खोलीत बसू का?"

मी म्हणाले, "अगं, ती खोली मंडळीची आहे, मला तसा अधिकार नाही. आणि धान्यानं भरलीय, पाय ठेवायला जागा नाही."

धान्य आठवड्यापूर्वीच विकले होते. खोली झाडून, पुसून, सतरंजी घालून सभेसाठी तयार होती. खोली माझी होती. किल्ली माझ्या कमरेला होती.

मी असे का बोलले याची कारणे मी तेरा वर्षे गोळा करते आहे. सतरंजीला मेंढरांचा वास लागेल. मंडळीतल्या बायका नावे ठेवतील. ही माणसे एकदा बसली की उठणार नाहीत. ही कारणे खरीच होती, पण ती नंतरची. पहिले कारण एवढेच की खोली उघडायला मला अंगण ओलांडावे लागले असते, आणि अंगणाच्या पलीकडे ऊस होता. मी घाबरले होते. भीती वाटते असे म्हणायची मला लाज वाटली, म्हणून त्या भीतीला मी शास्त्राचे कपडे घातले. मनात म्हटले, ही काही विश्वासाच्या घरातली नाही, हिच्यासाठी मी बांधील नाही.

ती वळली तेव्हा मला कसेसे झाले. मी तिला हाक मारली आणि घरातल्या कणगीतून पायलीभर बाजरी तिच्या पदरात घातली. ती वाकून पाया पडली. मी आत येऊन वहीत 'भुकेला' या शब्दापुढे बरोबरची खूण केली. सहापैकी एक. आयुष्यभर मी पोरांना पस्तीस गुणांखाली नापास केले, आणि स्वतःला शंभरात सोळावर पास केले.

दिवेलागणीच्या आत बिबट्याने पालातून मुलीला मानेला धरून ओढले. हिराची सासू तुकाबाई हिने चुलीतले जळते लाकूड त्याच्या तोंडावर मारले, तेव्हा त्याने मुलीला सोडले. मुलगी वाचली. तिचे नाव दिशा. तिच्या कानापासून खांद्यापर्यंत व्रण आहे आणि मान डावीकडे वळत नाही. डावीकडे बघायचे तर तिला अख्खे अंग वळवावे लागते.

मी ओरडा ऐकला होता. रेडिओ चालू असूनही ऐकला होता. मी कडी काढली नाही. रविवारी सभेत मी ठरल्याप्रमाणे बोलले, आणि बायका म्हणाल्या की फार छान समजावून सांगितलेत.

कलम ६. यापुढचे मला जास्त अवघड वाटते.

हिरा दुसऱ्या वर्षी परत आली, मुलीला घेऊन. तांब्याभर शेळीचे दूध आणले होते. मला वाटले, भांडायला आली. ती दाराशी बसली, इकडचे तिकडचे बोलली आणि गेली. त्यानंतर मेंढरे आमच्या बाजूला असली की दरवर्षी आली, दरवर्षी दूध. गावात कोणी विषय काढला की म्हणायची, "शीलाबाई लई मायाळू. त्या दिशी बी त्यांनी बाजरी दिली व्हती." हे ती माझ्यासमोर म्हणायची. ते दूध मी कधी प्यायले नाही आणि टाकायचेही धाडस झाले नाही. मी ते लंकाबाईला देत असे, ती मंडळीतली माझी जुनी मैत्रीण. तिला वाटे मला शेळीचे दूध सोसत नाही.

गेल्या जूनमध्ये दिशाला ओतूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. हिराने विचारले, बाई, पोरीला कुठे ठेवू. मुठीच्या धान्याची रीत आता बारगळली आहे, बायका पाकिटात नोटा घालतात, खोली नुसती पडून होती. मी त्याच क्षणी खोली देते म्हणाले. भाडे नको म्हणाले. हिरा म्हणाली, "तुमच्यावानी कोन करतंय, बाई." तेव्हापासून दिशा त्या खोलीत राहते. रोज संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटते. मी तिच्या डाव्या बाजूला उभी राहिले तर तिला मी दिसत नाही, आणि मी पुष्कळदा तिथेच उभी राहते. तिने एकदा विचारले, "आजी, तुमी सारख्या माझ्याकडं काय बघता?" मी म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढलाय.

मला नरकाच्या आगीचे तितके भय वाटत नाही, विस्तव मला लहानपणापासून ओळखीचा आहे. मला भय वाटते ते त्या उताऱ्यातल्या एका बारीक गोष्टीचे. डावीकडचे लोक राजाला विचारतात, प्रभो, आम्ही तुला परका असा कधी पाहिले? त्यांना खरेच कळले नव्हते. त्यांच्याकडे निदान एवढे म्हणायला आहे. माझ्या हातात पेन होते आणि 'परका' हा शब्द कागदावर ओला होता. मला काय म्हणता येईल? तेरा वर्षे शोधते आहे, मला एक वाक्य सापडलेले नाही.

जुन्या काळात असेही शिकवत की पाणी जसे विस्तव विझवते तसे दान पाप धुऊन टाकते. ज्या ग्रंथात हे आहे तो कॅथलिक लोक शास्त्रात धरतात, आम्ही धरत नाही. कित्येकदा वाटले की निदान या एका ओळीपुरते तरी धरावे. पण पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले ते तर आम्हीही धरतो: आपले सर्वस्व वाटून टाकले आणि प्रीती नसली, तर काहीच लाभ नाही. आणि योहान म्हणतो की जिथे पूर्ण प्रीती आहे तिथून भीती बाहेर टाकली जाते. मी घाबरते, म्हणजे माझ्यापाशी ती नाही. मी दिलेली प्रत्येक मूठ मग कशात जमा झाली?

कलम ७. हे मृत्युपत्र करायला मी जुन्नरला वकिलांकडे गेले. माझा बेत होता की खोली आणि अंगण मरणानंतर दिशाला द्यावे, आणि खरी गोष्ट लखोट्यात घालून ठेवावी. मी गेल्यावर फोडतील. मी पुरलेली असेन.

वकिलांनी सहज म्हणून सांगितले की आम्हा ख्रिस्ती लोकांसाठी पूर्वी एक वेगळा नियम होता. पुतण्या-भाच्याइतके जवळचे नातेवाईक असतील, तर धर्मादायासाठी केलेले मृत्युपत्र मरणाच्या किमान बारा महिने आधीचे लागे. मरता मरता केलेले दान कायदा मानत नसे. सन २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम काढून टाकला. "तेव्हा आता काही काळजी नाही बाई," वकील म्हणाले, "उद्या गेलात तरी चालेल."

घरी येताना मला आठवले की ही शंका कायद्याच्याही आधी कोणाला तरी आली होती. माझ्या टाचणात आहे. सोळाशे वर्षांपूर्वी आशिया मायनरमधल्या एका बिशपांनी मृत्युपत्रे करणाऱ्यांना फैलावर घेतले होते. त्यांचे म्हणणे असे की तुम्ही मेल्यावर देता ते तुम्हाला पुढे ठेवता येत नाही म्हणून देता, तेव्हा त्याचे श्रेय मरणाचे, तुमचे नव्हे. हे वाक्य मी लाल शाईने अधोरेखित केले होते आणि समासात 'सभेसाठी उत्तम' असे लिहिले होते.

एसटीत बसल्या बसल्या मला उमगले. लखोटा म्हणजे दुसऱ्यांदा कडी लावणे होते. या वेळी स्वतःला पुरून घेऊन.

कलम ८. म्हणून दिनांक ३ फेब्रुवारी रोजी मी दिशाला कॉलेज बुडवायला लावले आणि तिला घेऊन निघाले. ओतूरहून जुन्नर, जुन्नरहून घोडेगाव, तिथून भीमाशंकरच्या गाडीने शिनोली. शिनोलीच्या अलीकडे एका कांदा काढलेल्या रानात त्यांच्या मेंढ्या बसल्या होत्या. वाटेत दिशाने दोनदा विचारले की आईला काय झालंय. मी सांगितले, तुझ्या आईला काही झालेले नाही.

दुपारचे बारा वाजले होते. हिरा कोकरांना पाजत होती. तिचा नवरा जानकू आणि आणखी तीनचार माणसे सावलीला बसली होती. तुकाबाई वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या, कडेला वळकटीला टेकली होती, ऐंशीच्या घरात, कानाने जवळजवळ बहिरी. मी हिराला बाजूला घेतले आणि सांगितले. उभ्यानेच सांगितले, बसले असते तर उठता आले नसते. खोली रिकामी होती. खोली माझी होती. मी खोटे बोलले. ओरडा मला ऐकू आला होता.

हिरा कोकराला सोडायचे विसरली. मग म्हणाली, "शाळंची पडवी म्होरंच व्हती. मी तिथं जानार व्हते पोरीला घिऊन. पर तुमी बाजरी दिली. म्हनलं रातीची सोय झाली, माघारी जाऊन दळावी, भाकरी टाकाव्या. म्हनून पालात गेले."

मला हे माहीत नव्हते.

"सासू आजून म्हनती, पायलीभर बाजरीपायी पोरगी बिबट्याच्या तोंडात दिलीस. नवऱ्यानं दोन वर्सं तोंड बघितलं न्हाई माझं. समद्या धनगरवाड्यात मी बाजरीवाली."

मी विचारले, मग माझ्याकडे दूध का आणायचीस. मला हे विचारायला नको होते.

ती म्हणाली, "मला बोल लावला न्हाई असं तुमी एकट्याच व्हता."

दिशा माझ्यामागे उभी होती, तिने मला खाली बसवले. माझे दान त्या बाईच्या कपाळावर तेरा वर्षे डाग म्हणून राहिले, आणि मी त्यापुढे बरोबरची खूण केली होती. कुठल्या टीकाकाराने याचा अर्थ सांगितला आहे, प्राचीन किंवा अर्वाचीन? मला तरी कोणी आढळला नाही.

मी हिराची क्षमा मागितली. ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. हे माझ्या सासूला सांगा."

तुकाबाईसमोर मला नेऊन बसवले. मी सांगू लागले. तुकाबाई म्हणाली, "काय म्हनती ही?" हिरा म्हणाली, "मोठ्यानं बोला बाई, तिला ऐकू जात न्हाई." मी आवाज चढवला. सावलीतली माणसे बघू लागली. तुकाबाईने पुन्हा कानाला हात लावला. तेव्हा मी ओरडून सांगितले, माझ्यात होता नव्हता तेवढा दम लावून, चौतीस वर्षे वर्गात वापरला त्या आवाजात. खोली रिकामी होती. हिरा जागा मागायला आली होती. मी खोटं बोलून तिला माघारी पाठवली. तिसऱ्या खेपेला रस्त्यावरून जाणारा मोटारसायकलवाला थांबला. जानकू उठून मेंढरांकडे तोंड करून उभा राहिला.

तुकाबाईने ऐकले. माझ्याकडे बघितलेच नाही. हिराकडे बघून म्हणाली, "मी तुला लई बोलले गं."

हिराने कोकरू खाली ठेवले आणि पाण्याची कळशी घेऊन विहिरीकडे गेली. परत यायला तिला पुष्कळ वेळ लागला. मला कोणी जा म्हणाले नाही आणि बस म्हणाले नाही. शेवटची गाडी चुकेल म्हणून दिशानेच मला उठवले. गाडीत ती खिडकीशी बसली आणि मी तिच्या डाव्या हाताला. घोडेगाव आले. मग अंग वळवून माझ्याकडे बघत म्हणाली, "आजी, मी त्याच खोलीत झोपती की." मी हो म्हणाले. मला वाटले ती दुसऱ्या दिवशी सामान बांधील. तिने बांधले नाही. पोळ्या लाटायला येते. आजी म्हणते. पूर्वीपेक्षा कमी बोलते, आणि ते बरोबरच आहे.

कलम ९. पूर्वेकडील खोली आणि तिच्यापुढचे अर्धे अंगण या मृत्युपत्रात येत नाही. दिनांक १२ फेब्रुवारी रोजी मी ते नोंदणीकृत बक्षीसपत्राने दिशा जानकू हिच्या नावे केले आहे आणि किल्ली तिच्या हातात दिली आहे. दादाभाऊ म्हणाला, "काकी, धर्माभाईर घर चाललंय." मी त्याला शिडी आठवायला सांगितली. हे दान नाही, असे बक्षीसपत्रात लिहा म्हणून मी वकिलांच्या मागे लागले होते, पण त्या कागदाला तसा रकाना नाही म्हणे. म्हणून इथे लिहिते.

हौशीरामांची बाजाची पेटी मंडळीस. शिवणयंत्र लंकाबाईस, आणि एवढ्या वर्षांच्या दुधाचे खरे कारण तिला हा कागद वाचून कळेल. मुठीच्या धान्याची लाकडी पेटी मंडळीने ठेवायची असेल तर ठेवावी, पण देताना कोणाचे घर, कोणाचा धर्म हे विचारायचे नाही. तसे जमणार नसेल तर पेटी मोडून सरपण करावे. बँकेत जे असेल त्यातून माझे पुरणे व्हावे आणि उरेल ते दिशाच्या फीला जावे.

कलम १०. माझे दफन साधे करावे. न्यायाच्या दिवसाचा उतारा त्या वेळी वाचू नये, मला तो तिथे ऐकावा लागणारच आहे. दगडावर नाव आणि सन एवढेच घालावे. मायाळू, दानशील, असले काही घालू नये.

भीती गेली का, असे पाळकसाहेबांनी विचारले. नाही. उलट आधी मला वाटत असे की सांगितले की सुटेन. आता सांगून झाले, आणि पुढे काय आहे ते मला दिसत नाही. पाळकसाहेब कृपेबद्दल बोलले. मी मान हलवली. त्यांचे वय अठ्ठावीस आहे, ते मनापासून बोलतात, आणि ते खरे असावे अशी माझी रोज प्रार्थना असते. संध्याकाळी पाच वाजले की हात अजून कडीकडे जातो. मी तो मागे घेते. काही दिवस जमते, काही दिवस जमत नाही.

हिराला मी या मृत्युपत्राने एकच गोष्ट देते. माझी शवपेटी खड्ड्यात उतरवण्याआधी, आमच्याकडे मृताबद्दल चार शब्द बोलायची पद्धत आहे. मंडळीतले लोक माझ्याबद्दल चांगलेच बोलतील, त्यांना सवय आहे. त्या सगळ्यांच्या नंतर, शेवटी, हिरा जानकू हिला बोलायचा हक्क राहील. ती ख्रिस्ती नाही, या कारणाने तिला कोणी अडवायचे नाही. ती जे बोलेल ते पुरे होईपर्यंत माती टाकायची नाही. ती बोलल्यावर तिचे म्हणणे खोडायला, सावरायला किंवा त्याचा अर्थ सांगायला कोणी उभे राहायचे नाही, पाळकसाहेबांनीसुद्धा नाही. आणि ती आली नाही, तर तिच्या जागी तेवढा वेळ सगळ्यांनी गप्प उभे राहावे.

परवा ती दिशाला भेटायला आली होती. हात रिकामे होते, दूध नव्हते. मी तिला हे कलम वाचून दाखवले आणि विचारले, काय बोलशील? ती म्हणाली, "तवाचं तवा, बाई."

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि खालील दोघींच्या देखत त्यावर सही केली. यातील काही मिळणाऱ्या माणसाला साक्षीला घेऊ नये असे वकिलांनी बजावले, म्हणून लंकाबाईला घेतलेले नाही. तिने रुसू नये.

सही: शीला हौशीराम साळवे

साक्षीदार:
१. यशोधरा खंडू भालेराव, शेजारीण, राहणार ओतूर. सही.
२. सोनीबाई गोरक्ष डुंबरे, निवृत्त शिक्षिका, राहणार ओतूर. सही.

ठिकाण: ओतूर, तालुका जुन्नर
दिनांक: २२ फेब्रुवारी २०२६, रविवार, उपासनेनंतर